एकोणीसशे सत्तरचा लांडगा

जमादारावर खुनाचा आळ आला तेव्हा तो मेंढ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी चारी पाय आभाळाकडे करून सकाळचं ऊन खात पडला होता. जमादार हा उमाजीचा कुत्रा. अंगानं दांडगा, एक कान फाटका, गळ्यात पितळी घंटी. आपल्या जिवाचा फैसला आपल्याच डोक्यावर चाललाय याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

फैसला करायला बन्सीधरराव आले होते. ताडकळसच्या शिवारात कालव्याच्या अंगाला त्यांचं वावर, वावरातच घर आणि घरामागं शेळ्यांचा गोठा. त्या गोठ्यातली करडं एकेक करून नाहीशी व्हायला लागली होती. बांधापलीकडच्या माळावर उमाजीच्या मेंढ्या बसलेल्या आणि मेंढ्यांबरोबर जमादार रात्री मोकळा. एवढं बन्सीधररावांना पुरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर संन्यासी हाताशी लागतो, आणि जमादार अगदी हाताशी होता.

"उमाजी, येत्या बाजारापर्यंत ह्या कुत्र्याची वाट लाव," ते म्हणाले. "न्हाई लावलीस तर आमी लावू. पोरं काठ्या घेऊन तयार हायती."

"लांडगा हाय ओ, बन्सीधरराव. म्या माझ्या कानानं ऐकलाय."

"लांडगा! आरं, शेवटचा लांडगा माझ्या बापानं पाहिला असंल. आता कुठला आलाय? आन् रातच्याला कुत्रं मोकळं कामून सोडतूस?"

"राखणीचं कुत्रं बांधून ठेवलं तर राखण कोण करणार? मी?"

यावर बन्सीधररावांनी काठी जमिनीवर आपटली आणि ते चालते झाले. जमादारानं एक डोळा उघडून त्यांच्याकडं पाहिलं, ओळखीचा माणूस म्हणून शेपटी दोनदा हलवली आणि पुन्हा डोळा मिटला.

हे सगळं ऐकत उमाजीची थोरली लेक प्रियांका चुलीपाशी उभी होती. जमादाराची आई तो डोळे उघडायच्या आत गाडीखाली सापडली, तेव्हा कापसाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून प्रियांकानंच त्याला जगवला होता. आता त्यालाच काठ्यांनी मारायच्या गोष्टी कानावर पडल्या. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. शिवाय तिच्याकडं पुरावा होता, निदान तिला तसं वाटत होतं.

प्रियांका पूर्णेला जाऊन बी.एस्सी. झालेली. परभणीतली एक संस्था माळावरच्या लांडग्या-कोल्ह्यांचे आवाज गोळा करते, तिचं काम ती करायची. संस्थेनं तिला एक रेकॉर्डर दिला होता. काडेपेटीहून जरासा मोठा, आत बॅटऱ्या आणि मेमरी कार्ड, बाजूला एक सरकती कळ आणि काँप्युटरला जोडायला बारीकसं भोक. घरात त्याला सगळे डबी म्हणत. डबी वाड्याच्या खांबाला टांगलेली असे आणि घरदार झोपलं की एकटी जागी राहून ऐकत असे.

त्याच दिवशी प्रियांका बापाला घेऊन मारुतीच्या पारावर गेली. बन्सीधरराव होते, चार माणसं होती. तिनं डबीतलं कार्ड मोबाइलमध्ये घातलं आणि आवाज लावला. आधी वारा, मग मेंढ्यांचं खोकणं, आणि मग लांबून एक हेल, चढत जाणारा, अंगावर काटा आणणारा. उमाजीनं मिशीवरून हात फिरवला.

"कवाचा म्हणायचा हा आवाज?" बन्सीधररावांनी विचारलं.

"परवा रातीचा, काका. इथं तारीख बी हाय, बगा." आणि प्रियांकानं मोठ्या दिमाखात मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

बन्सीधररावांनी चष्मा चढवला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी चष्मा काढून पारावरच्या मंडळींकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू पसरलं ते प्रियांका जन्मात विसरणार नाही.

"एक जानेवारी एकोणीसशे सत्तर," ते म्हणाले. "उमाजी, तुझा जलम बी झाला नव्हता रं तवा! तुझा लांडगा मरून त्याच्या नातवंडांचे दात पडले असत्याल!"

पार हसून हसून पडायचा राहिला. कुणी म्हणालं, मोबाइलवर हत्तीचा बी आवाज मिळतो, उद्या हत्ती आणतील. उमाजी उठला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घराकडं परतताना प्रियांकाला बापाच्या तोंडाकडं बघवेना.

घरी आल्याबरोबर तिनं संस्थेच्या माधवीताईंना फोन लावला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मेंढ्या त्या खांबाला अंग घासतात का गं?" त्यांनी विचारलं.

"दिवसभर घासतात."

"मग बरोबर. आतली बॅटरी हलते, घड्याळ बंद पडतं आणि पुन्हा सुरू झालं की एकोणीसशे सत्तरपासून मोजायला लागतं. त्या घड्याळाची सुरुवातच तिथून होते. ही खोड आम्हाला सापडली आहे. नवीन फर्मवेअर पाठवते, ते डबीत घाल. मग बॅटरी हलली तरी वेळ हलणार नाही."

उमाजी शेजारीच बसला होता. "काय घालायचं म्हणाल्या डबीत?"

"फर्मवेअर, दादा. म्हंजी डबीची अक्कल. जुनी काढायची आन् नवी घालायची."

उमाजीनं जरा विचार केला. "माणसाला घालता येती का गं? बन्सीधररावाला बी घालून आणू."

प्रियांका हसली, पण तिला कळत होतं की बाजार जवळ आलाय आणि बापाचं हसणं ओठांपुरतंच आहे.

ताडकळसच्या स्टँडजवळ पंडितचं काँप्युटरचं दुकान आहे. सातबारा, आधार, रेल्वेचं तिकीट, लग्नपत्रिका, सगळं तिथं निघतं. पंडितच्या तोंडून सल्ला फुकट निघतो. बापलेक मोटारसायकलवरून तिथं पोचले. प्रियांकानं माधवीताईंनी पाठवलेली फाइल काँप्युटरवर उतरवून घेतली, पंडितनं ड्रॉवरमधून वायर काढली, डबी जोडली. काँप्युटर ढिम्म. तिकडं काही जोडलंय याची त्याला खबरच नाही.

"डबी मेली," पंडितनं जाहीर केलं.

"मरायला काय झालंय? लाइट लुकलुकायलाय की." प्रियांकानं वायर हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पंडितभाऊ, ही कशाची वायर?"

"चार्जरची. बाजारातून घेतलेली. लय चांगली हाय."

"ही नुसती चार्जिंगची. हिच्यातून करंट जातो, माहिती जात न्हाई. खायला घालती पण बोलत न्हाई."

"माझ्या सासूसारखी," पंडित म्हणाला आणि उठून आतून जुन्या मोबाइलबरोबर आलेली मूळची वायर घेऊन आला. ती जोडली. तरी ढिम्म. काँप्युटरच्या मागच्या भोकात जोडली. ढिम्म. काँप्युटर बंद करून चालू केला. सातबाऱ्यासाठी बसलेला एक म्हातारा कंटाळून चहाला गेला आणि चहा पिऊन परत आला, तरी तेच.

घोडं कुठं पेंड खातंय ते प्रियांकाला कळेना. तिनं पुन्हा फोन लावला.

"बाजूची कळ यूएसबीच्या खुणेकडं सरकवलीस ना?" माधवीताईंनी विचारलं. "ती मधे असेल तर डबीला वाटतं आपण माळावरच आहोत, आणि ती रेकॉर्डिंगच करत बसते. काँप्युटरशी बोलतच नाही."

"सरकवलीय, ताई. पार टोकाला हाय."

"लाइट कसला लागतोय?"

प्रियांकानं पाहिलं. "हिरवा. लुकलुकायलाय."

"मग ती रेकॉर्डिंग करते आहे. कळ टोकाला असेल तर लाल लागून राहायला हवा."

प्रियांका थबकली. कळ बाहेरून टोकाला होती आणि डबीच्या लेखी ती मधेच होती. म्हणजे दोघांपैकी एक कुणीतरी खोटं बोलत होतं.

"ताई, तुमच्याजवळची डबी कशी दिसते, फोटो पाठवता का?"

फोटो आला. प्रियांकानं मोबाइल डबीशेजारी ठेवला आणि या डबीकडून त्या डबीकडं बघू लागली. कळ तीच, भोक तेच, आकार तोच. पंडितनंही मान पुढं केली.

"त्यांची डबी कोरी हाय," तो म्हणाला.

"कोरी म्हंजी?"

"म्हंजी हिच्यावर तुमची रेघ न्हाई."

तेव्हा कुठं प्रियांकाला ती रेघ दिसली. लाल ऑइलपेंटची ठसठशीत रेघ आणि रेघेवर हिरवा ठिपका. ही उमाजीच्या घराची खूण. कातरणी झाली की प्रत्येक मेंढीच्या पाठीवर ती पडते, म्हणजे दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी आपली मेंढी ओळखू यावी. पण उमाजीचा हात एकदा चालला की मेंढ्यांवर थांबत नसे. पातेल्याला रेघ, बादलीला रेघ, कोयत्याच्या मुठीला रेघ, मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डला रेघ. प्रियांका जन्मल्यापासून ती रेघ बघत आली होती. रोज डबी खांबावरून काढताना-टांगताना ती रेघ तिच्या डोळ्यांपुढं होती आणि एकदाही तिला वाटलं नव्हतं की ही इथं नसायला हवी. घरातल्या माणसाला घरातली गोष्ट दिसत नाही, ती अशी.

रेघ डबीच्या बाजूवरून गेली होती. बरोबर कळीवरून. रंग कळीच्या फटीत उतरला होता आणि आत वाळून दगड झाला होता. वरचं बोंड सरकत होतं, पण आतला पत्रा जागचा हलत नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "डबीला रंग लावला का तुमी?"

"लावला की." उमाजीनं सरळ सांगितलं. "आपल्या वाड्यावरची चीज हाय. बिनखुणेची ठेवली आन् कुणी नेली म्हंजी? ह्या ताईची बी बिनखुणेची दिसायलीय. सांग त्यान्ला."

"दादा, त्या रंगानं कळ आतून चिकटलीय. म्हून डबी काँप्युटरला दिसत न्हाई."

उमाजीचा चेहरा बघता बघता उतरला. तो पंडितच्या बाकावर बसला आणि आपल्या हातांकडं बघत राहिला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपल्या सगळ्यांचं कधी ना कधी होतं, पण इथं जमादाराचा जीव टांगला होता.

"माझ्याच हातानं," तो म्हणाला. "बन्सीधररावाला कशाला बोलू मी? जमादाराच्या गळ्यात फास म्याच घातला की."

बापाला असं बसलेलं प्रियांकानं कधी पाहिलं नव्हतं. पण ती म्हणाली, "फास-बिस काय न्हाई. रंगच हाय, निघतो. पंडितभाऊ, काडी द्या एक. आन् कापूस."

कापसाला काय तोटा! शेजारच्या दुकानदाराच्या फाटक्या गादीतूनच पंडित मूठभर घेऊन आला. मोटारसायकलच्या नळीतून झाकणभर पेट्रोल काढलं. बॅटऱ्या बाहेर काढल्या. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, पेट्रोलात जेमतेम ओला करून, प्रियांका कळीच्या फटीतून रंग सोडवू लागली. लाल बोळा टाकायचा, नवा करायचा. घाई केली तर कळ तुटणार आणि मग सगळंच संपलं. पंडित सल्ला द्यायचं विसरून श्वास धरून उभा होता, यावरून काय ते ओळखा.

एकदाची कळ आतूनही सरकली. बारीकसा 'कट्' आवाज झाला. पेट्रोल पुरतं उडून जाऊ दिलं, फुंकर घालून पाहिली, बॅटऱ्या घातल्या आणि वायर जोडली. हिरवा लाइट गेला, लाल लागला आणि लागून राहिला. आणि काँप्युटरनं घंटा दिली.

"बोलली!" पंडित ओरडला. "डबी बोलली!"

प्रियांकानं फाइल दिली आणि बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढं गेली आणि अडली. पंडितचा हात वायरीकडं गेला. प्रियांकानं तो वरच्या वर धरला.

"हात लावायचा न्हाई. जुनी अक्कल निघालीय, नवी पुरती बसली न्हाई. आता वायर निघाली तर डबी जन्माची येडी होईल."

कुणी हललं नाही. सातबाऱ्याचा म्हातारासुद्धा उठून पट्टीकडं बघत राहिला. मग पट्टीला काय वाटलं कुणास ठाऊक, ती एकदम सुटली आणि टोकाला जाऊन भिडली. पडद्यावर आजची तारीख आली, आत्ताची वेळ आली आणि वर्ष आलं, तेही चालू. प्रियांकानं डबी वायरीतून काढून हातावर आपटली, बॅटऱ्या खिळखिळ्या केल्या, पुन्हा जोडली. वेळ जागच्या जागी.

"आपट आणखी," उमाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. "बन्सीधरराव समजून आपट."

डबी त्या दिवशी पुन्हा खांबावर चढली. उमाजीनं तिच्यावर नवी खूण करायची नाही असं कबूल केलं, पण टांगायची दोरी तेवढी त्यानं रंगवलीच.

बाजाराच्या आदल्या सकाळी बन्सीधररावांच्या घराकडून गलका उठला. आणखी एक करडू गेलं होतं. उमाजी आणि प्रियांका तिथं पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती, पोरांच्या हातात काठ्या होत्या आणि बन्सीधरराव जो येईल त्याला सांगत होते, "पहाटं चारला! घड्याळात पाहिलं म्या. चारला गोठ्यात आरडाओरडा झाला, मी बॅटरी घेऊन धावलो तर करडू गायब. त्या कुत्र्याचंच काम!"

आणि उमाजीच्या मागोमाग, नेहमीच्या सवयीनं, घंटी वाजवत जमादार अंगणात शिरला. काठ्या वर झाल्या.

"काका, थांबा!" प्रियांका पुढं झाली. "काठी मागून बी मारता येती. आधी ऐका. इथंच ऐका, तुमच्या दारात."

पंडितला तिनं वाटेतूनच फोन केला होता. तो लॅपटॉप आणि लग्नात वाजवायचा मोठा स्पीकर घेऊन हजर झाला. प्रियांकानं येताना खांबावरून काढून आणलेली डबी जोडली आणि लॅपटॉप बन्सीधररावांपुढं धरला. "काका, तारीख तुमीच मोठ्यानं वाचा."

बन्सीधररावांनी चष्मा चढवला. तारीख आजची होती. वर्ष यंदाचं. वेळ पहाटे चारच्या अलीकडची. त्यांनी वाचलं, पण या वेळी हसले नाहीत.

स्पीकर सुरू झाला. सगळ्यात आधी आलं ते घोरणं. असं घोरणं, की अंगणातली पोरं काठ्या टेकून हसायला लागली.

"मी न्हाई तो," उमाजी म्हणाला, पण ते कुणी मानलं नाही.

घोरण्याबरोबर, अगदी जवळ, घंटी वाजत होती. जमादार वाड्याभोवती फिरत होता. मग घंटी थांबली आणि तो भुंकू लागला, डबीच्या अगदी खालीच. त्याच्या भुंकण्यामागून, लांबून, शेळ्यांचं ओरडणं आलं आणि त्यामागून माणसाचा आवाज: "हाड्! हाड्! धावा रं! मुडदा बशिवला तुझा!" शिवी पुढंही होती, ती इथं लिहिण्यासारखी नाही. आवाज बन्सीधररावांचा होता. जमादार तेव्हाही डबीखाली भुंकत होता, घंटी तशीच खणखणत होती.

अंगणातले सगळे बन्सीधररावांकडं बघू लागले. करडू कालव्याकाठी जात होतं तेव्हा जमादार माळावर मेंढ्यांपाशी होता, हे लहान पोरालाही कळलं असतं. पण माणूस एकदा बोलून बसला की पाय मागं घेणं जड जातं.

"एका रातीचं झालं," ते घुटमळत म्हणाले. "बाकीच्या रातींचं काय?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्पीकरमधून हेल उठला. या खेपेला लांबून नव्हे. बांधापासूनच, भरदार, चढत चढत जाणारा, आणि त्याला साथ देणारा दुसरा. भल्या सकाळच्या उन्हात माणसांच्या अंगावर शहारे आले. गोठ्यातल्या शेळ्या एकदम उधळल्या, दावी तुटली, फाटकाची काठी मोडली आणि सगळ्या अंगणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून थरथरायला लागल्या. बन्सीधररावांचा स्वतःचा कुत्रा बाजेखाली जाऊन बसला.

आणि जमादार सुटला. थेट शेळ्यांच्या अंगावर.

"बगा! बगा!" बन्सीधरराव ओरडले आणि त्यांनी काठी उगारली. प्रियांकानं डोळे मिटून घेतले.

काठी पडल्याचा आवाज आला नाही. तिनं डोळे उघडले. जमादार शेळ्यांपाशी पोचला होता आणि गर्रकन वळला होता. त्याची पाठ शेळ्यांकडं होती. मानेवरचे केस उभे, चारी पाय रोवलेले, दात स्पीकरकडं. मागं बन्सीधररावांच्या शेळ्या त्याच्या आडोशाला गोळा झाल्या होत्या, आणि एक लहानसं करडू तर त्याच्या मागच्या पायांत घुसलं होतं. हेल पुन्हा उठला. जमादार जागचा इंचभर हलला नाही. ज्याच्या दारात त्याला मारायला काठ्या जमल्या होत्या, त्याच्याच शेळ्यांपुढं उभा राहून तो भुंकत होता.

बन्सीधररावांची काठी हळूहळू खाली आली.

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, उपरण्यानं तोंड पुसलं आणि उमाजीपुढं येऊन उभे राहिले. माफी मागायची त्यांच्या घराण्यात कुणाला सवय नव्हती, त्यामुळं शब्द सापडायला वेळ लागला.

"उमाजी," ते म्हणाले, "आजपून मेंढ्या माळावर नगं. माझ्या वावरात बसव. गोठ्याला लागून."

"बसवतो की," उमाजी म्हणाला. "आन् जमादाराचं काय करू? उद्या बाजार हाय."

"आरं, त्याच्यासाठीच तर म्हणायलोय!" बन्सीधरराव ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. मग ते घराकडं वळून आणखी मोठ्यानं ओरडले, "आगं, भाकरी आण! दुधात कुस्करून आण! आन् पंडित, बंद कर ना बाबा तो लांडगा, जमादाराला भाकरी खाऊ दे!"